रुखवतात मांडलेला पीसी

लग्न ठरल्यावर नवऱ्याचा पहिला फोन आला आणि पहिल्याच फोनवर आमचं भांडण झालं. त्यानं अगदी साधं विचारलं होतं, "फावल्या वेळात काय करतेस?" मी म्हटलं, "गेम खेळते." तो म्हणाला, "मोबाइलवर?"

त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. मी डिंगोरे गावची. ओतूरला एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. लोकांच्या बंद पडलेल्या मशिनी उघडता उघडता मी स्वतःचा गेमिंग पीसी जोडला होता. आज कॅबिनेट, दोन महिन्यांनी मदरबोर्ड, मग रॅम, शेवटी कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड. एकेक स्क्रू माझ्या हातानं आवळलेला. हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं. मग तो म्हणाला, "म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढा खटाटोप कशाला? कन्सोल घ्यायचा, टीव्हीला लावायचा, विषय संपला."

त्याच्याकडे पांढरा कन्सोल होता, गेम खेळायचा तयार डबा. माझ्या धाकट्या भावाकडे दुसऱ्या कंपनीचा काळा. आणि मी पीसीवाली. आमच्या भागात शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळायला लागला की कुणाचा बैल चांगला यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. आमचं तिघांचं तसंच झालं. लग्नाच्या आधीचे चार महिने लोक फोनवर काय गोड बोलतात मला माहीत नाही. आम्ही कुणाच्या चिपमध्ये ताकद जास्त, कुणाचा गेम अडखळत चालतो आणि कुणाचा लोण्यासारखा, यावर घसा बसेपर्यंत भांडलो.

मी म्हणायचे, "तुम्ही कन्सोलवाले म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. कंपनी देईल ते खायचं." तो म्हणायचा, "तुझं कार्ड दोन वर्षांत म्हातारं होतं, माझा डबा सात वर्षं हलत नाही." आणि मग तो त्याचा हुकमाचा एक्का काढायचा. एक्सक्लुझिव्ह. म्हणजे ज्या कंपनीचा कन्सोल, फक्त त्याच कन्सोलवर चालणारा गेम. डोंगरदऱ्यांतून एकटी भटकणारी एक शिकारीण असलेला गेम त्याच्याकडे होता. मी त्याचे व्हिडिओ बघून बघून वेडी झाले होते. "हा तुझ्या पीसीवर जन्मात येणार नाही, लिहून घे," असं तो दर दोन दिवसांनी सांगायचा. मला राग यायचा आणि फोन ठेवला की हसूही यायचं. मला तो आवडायला लागला होता, खरं सांगायचं तर त्या भांडणामुळेच.

लग्न जवळ आलं तशी घरात रुखवताची गडबड सुरू झाली. रुखवत म्हणजे नवरीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू कार्यालयात टेबलावर मांडायच्या, म्हणजे पोरीच्या हातात काय कला आहे ते सासरच्यांना दिसतं. माझ्या हातात कला होती, पण ती क्रोशाची नव्हती. आईनं मंचरच्या दुकानातून क्रोशाचं तोरण आणलं, टीव्हीवर टाकायचे रुमाल आणले, मोत्यांचा गणपती आणला. सगळ्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली. मी म्हटलं, "मग माझा पीसी पण मांडा. तो तरी मी खरंच केलाय."

आई म्हणाली, "लोक काय म्हणतील? हुंडा दिला म्हणतील."

"म्हणू देत. तो माझ्याबरोबर येणार, कसाही येणार."

माझ्या हट्टापुढे आई थकली. पीसी टेबलाच्या मधोमध बसला, एका बाजूला करंज्यांचं ताट, दुसऱ्या बाजूला मोत्यांचा गणपती. लोक यायचे, तोरणाला हात लावून म्हणायचे, "पोरीनं काय सुंदर केलंय!" आणि पीसीकडे बघून म्हणायचे, "बापानं लई मोठा कॉम्प्युटर दिला राव." एकानंही तो कुणी केला असं विचारलं नाही. मी हळदीच्या अंगानं तिथं उभी राहून आतल्या आत चरफडत होते. मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याची आणि माझ्या भावाची त्याच टेबलापाशी काळ्या आणि पांढऱ्या डब्यावरून जुंपली होती, त्यांना ओढून मांडवात न्यावं लागलं. सासूबाई रुखवत बघायला आल्या. त्यांनी पीसीभोवती एक चक्कर मारली. "यंत्र हाय, पूजा नको का व्हायला?" म्हणत कॅबिनेटला हळदकुंकवाची बोटं लावली, वरून मूठभर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. मला तेवढंही बरं वाटलं.

कळंबला सासरी आले आणि पीसी पुढच्या खोलीत एका स्टुलावर बसला. सासूबाईंनी त्यावर रुखवतातला एक क्रोशाचा रुमाल घातला. "रुखवताची वस्तू हाय. पाव्हण्यारावळ्यांनी बघू दे आधी. आत्ताच नगं हात लावू." दुसरी अडचण प्लगची. पुढच्या खोलीत एकच बोर्ड. त्यावर टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि नवऱ्याचा कन्सोल. चौथा प्लग कधीतरी जळालेला, तो कुणी दुरुस्त केला नव्हता. आमची खोली म्हणजे कपाट आणि पलंग, तिथं टेबल मावत नव्हतं.

आमच्याकडे दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीनं दाराला कडी लागते. सगळं घर त्या पुढच्या खोलीत. सासूबाईंची मालिका संपली की नवरा कन्सोल लावायचा. ती शिकारीण, ते डोंगर, सगळं भिंतीएवढ्या टीव्हीवर. मी जवळ जाऊन बसले की म्हणायचा, "बघ ना, काय दिसतंय!" कंट्रोलर एकच होता. पहिल्या दिवशी मी तो मागितला तर म्हणाला, "इथं अवघड आहे, थांब जरा, तू बघ ना." मी बघत बसले. बघत बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. तो चुकीच्या बाजूनं वर चढतोय हे मला दिसायचं. जनावर मागून येतंय हे दिसायचं. माझे हात मांडीवर आपोआप हलायचे.

भांडावं म्हटलं तर तेही जमेना. फोनवर मी त्याला 'तू' म्हणायचे. सासरी आल्यावर 'अहो' झालं. आणि 'अहो, तुमचा प्रोसेसर भिकार आहे' असं म्हणता येत नाही. एकदोनदा म्हणून बघितलं, माझं मलाच हसू आलं. 'तू'शिवाय भांडण पेटत नाही. म्हणून मी गप्प झाले, आणि मी गप्प झाले की माझ्या अंगात मुंग्या येतात. भाकरी थापताना, भांडी विसळताना, डाव्या हाताची तीन बोटं ओट्यावर टकटक करत राहायची. पीसीवर चालायला, पळायला, वळायला कीबोर्डच्या ज्या कळा दाबतात त्याच जागी. सासूबाईंनी एकदा विचारलं, "हाताला काय झालंय गं? वात आलाय काय?" मी म्हटलं, "नाही, सवय आहे."

त्यांना कुणी बाई भेटायला आली की त्या तिला पुढच्या खोलीत नेत आणि रुमालाचं टोक उचलून दाखवत. "सूनबाईनं केलंय. किती बारीक इणकाम हाय बघा." बाई रुमाल बघून मान डोलवायची. रुमालाखाली माझा पीसी असायचा आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. मला रडू यायचं ते सासुरवासाचं नव्हतं. कुणी मला त्रास देत नव्हतं. मी जी आहे ती त्या घरात अजून आलेलीच नाही, असं वाटायचं.

राखीपौर्णिमेला भाऊ आला. मी ओवाळलं, राखी बांधली. ताटात ओवाळणी टाकायची तर त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "ताई, तुझ्या खात्यावर एक गेम घेऊन दिलाय. बघ कुठला." शिकारिणीचा. कन्सोलचा एक्सक्लुझिव्ह आता पीसीवर आला होता. मग तो नवऱ्याकडे वळला. "दाजी, जन्मात येणार नव्हता ना? आला की. आन् ताईचा पीसी असा झाकून का ठिवलाय? तुमच्या डब्याला भिऊन का?"

नवऱ्याचा चेहरा पडला, पण मर्द माणूस, मागे कसा हटेल. "लावा की मग. बघू कोणाचं कसं चालतंय." त्यानं स्वतः कन्सोलचा प्लग काढून पीसीचा लावला, टीव्हीची वायरही पीसीला जोडली. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. मी रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

खडखडखडखड. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज. मी घाबरून लगेच बंद केला. इतके महिने थांबले ते याचसाठी का, असं वाटलं.

"मी म्हणलं व्हतं," नवरा म्हणाला. "पीसीचं असंच. नाजूक काम."

"मोडला का?" सासूबाईंनी विचारलं.

मी प्लग काढला. खोलीत जाऊन बॅगेच्या तळातून माझा स्क्रूड्रायव्हर आणला, जमिनीवर बसकण मारली, कॅबिनेट आडवा केला आणि बाजूचा पत्रा उघडला. आत अंधार. "अरे, टॉर्च धर ना इकडं," मी म्हटलं. "नीट धर. हलवू नकोस." बोलून गेल्यावर लक्षात आलं की मी हे नवऱ्याला म्हणतेय, त्याच्या आईसमोर. पण तो टॉर्च धरून वाकला होता आणि सासूबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

पंख्याच्या पात्यांत तांदूळ होते. कुंकवानं लाल झालेले. कॅबिनेटच्या डोक्यावर धूळ अडवायला बारीक जाळी असते, ती मी उन्हाळ्यात आतली गरम हवा बाहेर जावी म्हणून काढून ठेवली होती. रुखवतातल्या अक्षता त्या भोकांतून सरळ आत गेल्या होत्या. मी एकेक दाणा बोटानं वेचला. काही ग्राफिक्स कार्डावर पडले होते, ते कार्ड सोडवून बाहेर काढलं, झटकलं, फुंकर मारली आणि पुन्हा बसवलं. दाणे कुठं ठेवावेत कळेना, तेव्हा सासूबाईंनी तळहात पुढे केला.

"आगं, ह्या तर मीच टाकल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मी म्हणलं देवाचं हाय, चांगलं चालंल."

"चालेल आई. काही झालं नाही."

मी वायर खोचत होते, स्क्रू आवळत होते. बरेच दिवसांनी बोटांना त्यांचं काम मिळालं होतं आणि मला वर बघायचीही गरज वाटत नव्हती. सासूबाई माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. "हे आतलं सगळं कुणी जोडलं?"

"मी."

"बापानं इकत आणला न्हवता?"

"एकेक सुटा भाग मी आणला. जोडला मी."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. दुकानात करता करता."

त्यांनी एका हातातल्या अक्षतांकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातातल्या क्रोशाच्या रुमालाकडे, जो त्यांनी निम्म्या कळंबला दाखवला होता. "आन् हे?"

भाऊ एकदम छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मंचरच्या दुकानातलं आहे."

त्यांनी रुमालाची चौपदरी घडी घातली. पीसी उभा करून मी प्लग लावला, बटण दाबलं आणि यावेळी पंख्याचा फक्त सूं असा आवाज आला. भाऊ टाळ्या वाजवायला लागला. नवऱ्याला वाईट वाटलं की बरं वाटलं ते कळलं नाही. तो म्हणाला, "पण लोड आल्यावर तापणारच." मी म्हटलं, "तापू दे, तुला काय?" आणि आम्ही दोघं चार महिन्यांनी पहिल्यांदा मनसोक्त भांडलो. गेम उतरवायला गावच्या इंटरनेटला संध्याकाळ झाली. कडी लागल्यावर नवऱ्यानं सवयीनं कन्सोलच्या प्लगला हात घातला. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज तिचं चालू दे." आणि तो घडी केलेला रुमाल त्यांनी उलगडून त्याच्या पांढऱ्या डब्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाई आल्या. मी कळांवर बोटं ठेवून एक अवघड कडा चढत होते, माझं लक्ष नव्हतं. सासूबाई त्यांना घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे सूनबाईनं केलंय. आतलं सगळं, हातानं."

"आन् ते पलीकडचं क्रोशाचं?" बाईंनी विचारलं.

"ते व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "त्यात काय येवढं. मंचरला इकत मिळतं."