दादानं विकलेला अॅम्प

फोन आला तेव्हा मी ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत होते. नगरच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. "ताई, हे गेले..." एवढंच वहिनी म्हणाली, आणि पुढं नुसतं रडणं. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत माझा थोरला भाऊ, विल्सनदादा, संपला होता. त्याला आता दीड महिना झाला.

श्रीरामपुरात दादाला वेल्डर म्हणून ओळखणारे पुष्कळ. आमच्या चर्चमध्ये मात्र तो गिटारवाला. दहावी नापास झाल्यावर वर्कशॉपला लागला आणि एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना अॅम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर, त्यानं घरी आणला. काळं रेक्झिन लावलेलं भलं मोठं खोकं, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापेपर्यंत आवाज निघायचा नाही. "थांब, जागा होतोय," म्हणत दादा त्याच्यावर हात ठेवून उभा राहायचा. नाताळाच्या आधी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरायचं, तेव्हा अॅम्प टेम्पोत, आणि ज्याच्या दारात गाणं त्याच्या खिडकीतून वायर आत. तो रिवाजच होता. एखादी मावशी ओरडायची, "विल्सन, मागच्या साली आमचा फ्यूज उडवला हुता तू!" दादा म्हणायचा, "तुमच्या दारात लई वेळ वाजवतो, मावशी, म्हनून उडतो." मावशी लगेच करंज्यांचं ताट बाहेर आणायची.

त्या अॅम्पची एक खोड होती, शॉक. चर्चच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, त्यामुळं अनवाणी उभं राहून माइकला ओठ लागले की झटका बसायचा. आणि आमच्याकडं तर चपला बाहेर काढूनच चर्चमध्ये जातात. दादा रबरी स्लिपर घालून वेदीपाशी उभा राहिला तेव्हा पंचांमधले याकोबकाका तडकले, "देवाच्या घरात चपला?" दादा म्हणाला, "काका, काढल्या तर तुमच्या आधी मीच देवाघरी जाईन." पंचांची बैठक बसली. ठरलं असं, की विल्सनसाठी कोरी स्लिपर घ्यायची, ती चर्चमध्येच ठेवायची, बाहेरची धूळ तिला लागू द्यायची नाही. दर शनिवारी आई जाऊन ती धुऊन ठेवायची. सगळं चर्च अनवाणी आणि एकटा माझा भाऊ चपलेत... लहानपणी मला वाटायचं, हा त्याचा मान आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. अॅडमिशनच्या रांगेत माझ्यासोबत दादाच उभा राहिला, वर्कशॉपचे काळे हात पाठीमागं बांधून. बी.ए. झाले तेव्हा चर्चमध्ये सत्कार ठेवला. नगरहून मैत्रिणी आल्या. मी बोलायला उभी राहिले आणि अॅम्प घरघरायला लागला. दादा स्लिपर फटफटवत धावला, खोक्याला दोन थापा मारल्या, तरी घरघर चालूच. मैत्रिणी तोंडाला रुमाल लावून हसल्या. घरी आल्यावर मी म्हणाले, "दादा, तो डबा आणि त्या चपला... लाज वाटली मला." आठ दिवसांत अॅम्प घरात नव्हता. पाथर्डीकडच्या एका बेंजो पार्टीला, लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्यांना, त्यानं तो विकून टाकला.

मग चर्चमध्ये नवी साउंड सिस्टिम आली. दादा तिच्यावरही वाजवायचा, छान वाजवायचा. पण उतरताना हमखास म्हणायचा, "आवाज साफ हाय. पन हात ठेवावा असं काही न्हाई त्याच्यात." हे वाक्य मी बारा-तेरा वर्षं ऐकलं, आणि दर वेळी माझं ते "लाज वाटली मला" आठवलं. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, अॅम्प शोधायचा आणि दादाला परत आणून द्यायचा. पाथर्डीच्या स्टँडवर चार ठिकाणी विचारलं तेव्हा पार्टीचे मालक भानुदासभाऊ सापडले. अॅम्प अजून चालू होता. पुढच्या रविवारी दादाला घेऊन एसटीनं गेले. का ते त्याला सांगितलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडमध्ये अॅम्प दिसला तसा दादा थबकला. रेक्झिन फाटलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं. दोन्ही हात त्यावर ठेवले त्यानं. भानुदासभाऊ म्हणाले, "ताईनं सांगितलंय समदं. घेऊन जावा, आमी दुसरा बघतो." दादानं स्क्रू-ड्रायव्हर मागितला, मागची फळी उघडली आणि दोन तास आत डोकं घालून बसला. सोल्डरिंग झालं. मग त्यानं बेंजोवाल्याला वाजवायला लावलं. घरघर नव्हती. भानुदासभाऊ खोकं उचलायला लागले तर दादा म्हणाला, "राहू द्या. हिथं रोज वाजतंय. माझ्याकडं नुसतं बसून राहील."

परतीच्या एसटीत मला रडू आलं. म्हटलं, "दादा, माझ्यामुळं विकलास तू." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "राग आला हुता, व्हय. दोन दिवस जेवलो न्हाई नीट. मंग म्हनलं, आपल्या घरात लाज वाटन इतकं शिकलं एक मानूस. ही काय बारकी गोष्ट हाय का?" आणि हसला. मला ते हसू सोसलं नाही, पण आजवर त्याच्याइतका मोठा माणूस मला कुठल्या कॉलेजात भेटला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

गेल्या आठवड्यात भानुदासभाऊंचा फोन आला. बातमी त्यांना उशिरा कळली होती. म्हणाले, "ताई, व्हॉल्व्ह बदलायला फळी काढली तर आतमदी विल्सनमास्तरांचं अक्षर हाय. फोटो धाडतो." फोटो आला. जुन्या प्लायवर पेन्सिलीनं, मेकॅनिक लोक लिहितात तसं लिहिलेलं: "अर्थिंग केले. घरघर गेली. विल्सन, श्रीरामपूर. सोबत बहीण, बी.ए."

वहिनीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "तुमची डिग्री तर वरातीत नाचतीया की, ताई."

नाचू दे. लग्नसराई आहे. आज पाथर्डीकडं कुठं तरी ते खोकं टेम्पोत चढलं असेल, तापत असेल, आणि कुणी तरी त्यावर हात ठेवून उभं असेल.