बाथरूमची कडी

“कडी परत कोणी लावली?” मुलुंडमधल्या आमच्या घरातून बाबा असे ओरडले की ठाण्याच्या खाडीतले बगळे उडाले असतील. आत दादा होता आणि हाकेला ओ देत नव्हता. व्यसनमुक्ती केंद्रातून त्याला घरी सोडताना तिथल्या बाईंनी बजावलं होतं, दाराआड एकटा ठेवू नका. म्हणून बाबांनी स्वतः कडी काढली होती. पण गणपतीला अख्खं कोकण आमच्या दोन खोल्यांत उतरलं, आणि बल्ब बदलायलाही वॉचमनला हाक मारणाऱ्या माझ्या आईने गुपचूप स्क्रू पिळून कडी परत बसवली.

बाबांनी खांद्याने दार तोडलं. दादा फरशीवर निळा पडला होता, श्वास जेमतेम चालू होता.

“उपास झेपत नाही त्याला,” आईने पाहुण्यांना सांगितलं. दादाने जन्मात उपास केला नव्हता. आरतीआधी एकवीस मोदक संपवणारा प्राणी तो! पाहुण्यांनीही माना डोलावल्या.

हॉस्पिटलमधून दादा पुन्हा केंद्रात गेला. विसर्जनानंतर रिकाम्या मखरासमोर बसून बाबांनी हळूच विचारलं, “अगं, पण कडी का लावलीस?”

आई निर्माल्य गोळा करत होती.

“पावणे होते ना घरात.”