नणंदबाई मास्क निवडतात

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पसंत केलेली नाही, आणि आपण झोपलो होतो हे एकदाही कबूल केलेलं नाही. डोंबिवलीत मानपाड्याला त्या एकट्या राहतात. तिथले चपलांचे दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतात, कारण नवी चप्पल घालून त्या आधी रस्त्याच्या टोकापर्यंत चालून येतात आणि मग "डावी वाजते" म्हणून काढून ठेवतात. लग्नाची स्थळंसुद्धा त्यांनी अशीच सात-आठ नाकारली, असं आमच्याकडे हसत हसत सांगतात. शेवटी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. झोपेचं म्हणाल, तर माझ्या मुलीच्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसून त्या अशा घोरल्या की गुरुजींनी मंत्र थांबवून वर पंख्याकडे पाहिलं. मी हळूच हलवलं तर म्हणाल्या, "ऐकतेय मी. डोळे मिटले की नीट ऐकू येतं."

पण गेल्या वर्षी गॅसवर दूध ठेवून त्या ओट्याशेजारच्या खुर्चीत अशाच 'ऐकत' बसल्या. दूध उतू जाऊन गॅस विझला. वास आला म्हणून शेजारणीने दार बडवलं नसतं, तर मी हे असं हसत लिहीत नसते. मग तपासण्या झाल्या. झोपेत यांचा श्वास मधेमधे थांबतो, म्हणून दिवसा डुलक्या लागतात. रोज रात्री हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "श्वास थांबत असेल," नणंदबाई म्हणाल्या, "पण मी झोपलेली नसते."

मशीन घ्यायला ठाण्यातल्या दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी घरून स्वतःची उशी आणली होती. दुकानदार चाळिशीतले, सोशिक गृहस्थ. त्यांनी आतल्या कॉटवर बाईंना आडवं व्हायला सांगितलं आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावला. तो दोन मिनिटांत निघाला.

"यात बोलता येत नाही."

"मॅडम, झोपेत कुठे बोलायचं असतं?"

"ते तुम्ही ठरवणार?"

दुसरा नाकपुड्यांत बसणारा होता, त्याने शिंक आल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्याचा पट्टा केस ओढत होता. चौथा फक्त नाकावर बसणारा. दुकानदारांनी हवेचा जोर कमी केला, पट्टा सैल केला. "जरा कुशीवर वळून बघते," म्हणून बाई भिंतीकडे वळल्या आणि एकदम शांतता पसरली. घोरणं नाही, तक्रार नाही. मला भीतीच वाटली. वाकून पाहिलं तर श्वास अगदी संथ चालला होता. दुकानदारांनी फोनचा आवाज बंद केला आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाला नुसत्या खुणेने बाहेर बसवलं. पाऊण तासाने बाई उठल्या, केस सारखे केले.

"हाच द्या. आणि मी झोपले नव्हते हं."

दुकानदार म्हणाले, "नाही मॅडम, छे!"

कोपरीला आमच्या घरी निघालो. रिक्षात त्या मधेच म्हणाल्या, "स्थळं सगळी चांगली होती गं."

मांडीवरची उशी त्यांनी सारखी केली.

"आई अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलायला लागायची. एकदा माझा डोळा लागला तो थेट सकाळपर्यंत. पाठीला जखम झाली तिच्या. रागावली नाही. उलट म्हणाली, झोपलीस ते बरं झालं."

उजवीकडे वळा, असं मी रिक्षावाल्याला उगीचच सांगितलं.

त्या रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी साडेसातला मी चहा घेऊन गेले आणि कप तसाच परत आणला. नवरा वागळे इस्टेटला कामावर निघाला होता. जाता जाता त्याने खोलीत डोकावलं आणि दारातच उभा राहिला.

"लहानपणी मी उठायच्या आधी ताई उठलेली असायची," तो हळू आवाजात म्हणाला. "ती झोपलेली कशी दिसते, मला माहीतच नव्हतं."

मग त्याने बूट हातात घेतले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि नुसत्या मोज्यांवर दोन मजले उतरून गेला.