झुंबरच्या बरणीतले तूप

मालनबाईच्या घरून दर पंधरा दिवसांनी दोन डबे एकाच एस.टी.ने निघत. एक नगरला उतरे, दुसरा पुढे पुण्याला जाई. घोडेगावच्या फाट्यावर सकाळी पावणेआठला पुण्याची गाडी थांबते. मालनबाईचा नवरा आबासाहेब मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी अडकवून फाट्यावर जाई आणि ओळखीच्या ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवून येई. नगरच्या स्टँडवर रोहिणी उभी असे, पुण्याच्या स्टँडवर ओम.

"यातली कुणाची कोणती?" असे आबासाहेबाने अगदी पहिल्यांदा विचारले होते.

"जड ती ओमची," मालनबाई म्हणाली होती.

त्यानंतर दोन वर्षांत त्याला कधी विचारावे लागले नाही.

ओम हा त्यांचा एकुलता एक. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. रोहिणी मालनबाईच्या धाकट्या भावाची, आसारामची मुलगी. आसाराम आणि त्याची बायको झुंबर पाथर्डीकडचे. दसरा झाला की दोघे ऊसतोडीला खाली कारखान्यांकडे जात आणि पाडव्याच्या आसपास परत येत. पोरीची शाळा बुडू नये म्हणून पाचवीत असताना त्यांनी तिला मालनबाईच्या दारात आणून सोडले. तेव्हापासून रोहिणीचे घर म्हणजे हेच. आता ती नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हॉस्टेलवर राहत होती.

मालनबाई दुष्ट नव्हती. रोहिणीला टायफॉइड झाला तेव्हा तिने दहा दिवस तिच्या खाटेपासून पाय हलवला नव्हता. जातीच्या दाखल्यासाठी तिला घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढली होती, तिथल्या कारकुनाशी भांडलीही होती. वस्तीवर कुणी म्हणाले, "भाची हाय तुमची?" तर ती म्हणे, "पोरगीच हाय." आणि तसे तिला खरेच वाटे. फक्त ताटे वाढायला बसली की तिचा हात आधी ओमच्या ताटाकडे जाई. साय त्याला, भाकरीचा पापुद्रा त्याला. हे तिने कधी ठरवले नव्हते, म्हणून ते तिला कधी दिसलेही नव्हते.

दसऱ्यानंतर निघताना झुंबर आपली म्हैस मालनबाईच्या दारात बांधून जाई आणि एक चिनी मातीची बरणी देऊन जाई. बरणीच्या तोंडाला पांढरे फडके, त्यावर सुतळीच्या दोन गाठी. आत चार महिन्यांचे साठवलेले तूप. झुंबर लोणी कढवताना शेवटी विड्याचे पान टाकी. तिच्या आईची ती पद्धत होती. त्या पानाचा वास तुपाला असा लागे की फडके सोडले की सगळ्या घराला कळे. मालनबाईकडे पान घालत नसत.

"वन्सं, हे पोरीच्या लाडवात घाला," झुंबर म्हणे. "हॉस्टेलात तिच्याकडं कोण बघतंय?"

"तू निवांत जा. मी हाय की."

पहिल्या वर्षी झाले ते असे. ओमच्या डिंकाच्या लाडवांना घरचे तूप दोन पळ्या कमी पडले. कढई चुलीवर, डिंक फुलत आलेला. मालनबाईने बरणीचे फडके सोडले आणि दोन पळ्या घेतल्या. नंतर भरून टाकू, असे मनाशी म्हणाली. पुढच्या वेळी चार घेतल्या. मग वाटले, ओमचा अभ्यास किती अवघड, जागरणं किती. रोहिणी काय, नगरलाच तर आहे. शनिवारी मनात आले तर घरी येते. तिला शेंगदाणा-गुळाचे लाडू पुरेत, त्याला तूप लागतही नाही. एकदा शेजारच्या सुरेखाने विचारले, "रोहिणीला हो काय पाठवता?" तेव्हा मालनबाई म्हणाली, "तिला बाई शेंगदाण्याचेच आवडतात." असे चार जणींना सांगून झाल्यावर ते तिलाही खरे वाटू लागले. दुसऱ्या वर्षीची बरणी आली, ती सुरुवातीपासूनच ओमच्या बाजूला लागली.

गेल्या डिसेंबरात रोहिणीचा फोन आला. "आत्या, थंडी लई पडलीय. माझा गुलाबी स्वेटर पाठव. आणि कपाटावरचं जाडं पुस्तक."

बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला, गाडी चुकेल म्हणून आबासाहेबाची घाई. मालनबाई म्हशीखाली बसलेली. त्याने ओट्यावरच्या दोन्ही पिशव्या उचलून पाहिल्या, जड होती ती पुण्याच्या बाजूला लावली आणि निघाला.

दुपारी ओमचा फोन आला, तो हसतच.

"आई, हा गुलाबी स्वेटर मी घालायचा का? रूमवरची पोरं लोळायला लागलीत."

मालनबाईच्या हातातले सूप खाली आले.

"आणि पुस्तकात हाडांची चित्रं आहेत," तो सांगत होता. "पण लाडू एक नंबर! शेंगदाण्याचे का करत नव्हतीस गं इतके दिवस? ते डिंकाचे नको आता. तुपाचा कसला तरी वास येतो, पानासारखा. मी मेसवाल्या काकांनाच देऊन टाकतो दरवेळी."

"दरवेळी?"

"चिडू नको ना. मागच्या वेळी एक खाल्ला होता."

तिने फोन ठेवला. ओमचा राग यायला हवा होता, पण त्याला जागाच नव्हती. नगरच्या हॉस्टेलवर आता डबा उघडला असेल, एवढेच तिच्या डोक्यात होते. झाकण निघाले की वास येणार, आणि तो वास त्या पोरीला ओळखता येणार नाही असे कसे होईल? लहानपणी आईच्या मांडीवर बसून तिने तूप कढताना पाहिले होते. मालनबाईने मनात दोन-तीन उत्तरे तयार करून ठेवली. मुद्दाम पाठवले म्हणावे. थंडी आहे म्हणून केले म्हणावे.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी रोहिणीचा फोन आला.

"आत्या, चूक झाली माझी."

"तुझी गं कसली?"

"पिशवी नीट बघितलीच न्हाई. भूक लागल्ती, डबा उघडला आणि एक लाडू खाल्ला. मग खाली ओमदादाचे मोजे सापडले. बाकीचे हात न लावता ठेवलेत. उद्याच्या गाडीनं पुण्याला लावून देते. रागवू नको."

मालनबाईने दिव्याची वात उगीचच पुढे सारली.

"आत्या?"

"हां."

"त्या लाडवाला आईच्या तुपाचा वास येत हुता. पानाचा. मला एकदम तीच आठवली. तिनं दिल्तं का तूप?"

तयार ठेवलेल्या उत्तरांतले एकही या प्रश्नाला बसत नव्हते.

"दिल्तं थोडं," मालनबाई म्हणाली.

"बरं झालं."

"ते लाडू तूच खा. त्याला नको धाडू."

"न्हाई गं. त्याचे हायेत, त्याची परीक्षा हाय."

फोन ठेवला आणि 'थोडं' हा शब्द तिच्याजवळच राहिला. दोन दिवस कांद्याच्या वाफ्यात खुरपताना, म्हशीला पेंड घालताना तो तिच्यासोबत फिरला. डब्यात काय घातले, काय नाही, यात आईचा हात कुठे कमी पडतो, कुठे जास्त पडतो, असे म्हणता आले असते. पण 'थोडं' हे तिने समजून उमजून म्हटले होते. तिसऱ्या दिवशी नगरहून उलट गाडीने डबा परत आला. पुण्याचा ड्रायव्हर बदलला म्हणून रोहिणीने तो घरी पाठवला होता. आत अकरा लाडू, आणि रिकाम्या झालेल्या जागी चिमूटभर साखर. डबा रिकामा परत करायचा नाही, हे मालनबाईनेच तिला शिकवले होते.

ती उठली, फडताळातून बरणी काढली. निम्मी उरली होती. पावणेआठची गाडी निघून गेली होती, पुढच्या गाडीत ती बरणी मांडीवर घेऊन बसली.

हॉस्टेलच्या फाटकाशी सिमेंटच्या बाकावर ती वाट पाहत बसली. रोहिणी पांढऱ्या गणवेशात धावत आली. "आत्या! काय झालं? मामा बरे हायेत ना?" आबासाहेबाला ती मामा म्हणे. मग तिची नजर मालनबाईच्या मांडीवर गेली. "ही आईची बरणी."

"तुझ्यासाठी दिल्ती तिनं," मालनबाई म्हणाली. "थोडं न्हाई, भरून दिल्ती. औंदा आणि गेल्या साली पण. मी ओमला घातलं. तुला एक पळीबी दिली न्हाई."

रोहिणी बाकावर बसली. सुतळीची गाठ बोटाने चाचपत राहिली, सोडली नाही.

"मला शेंगदाण्याचे आवडत न्हाईत, आत्या," ती शेवटी म्हणाली. "कधीच आवडले न्हाईत."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू सगळ्यांना सांगत हुतीस, रोहिणीला तेच आवडतात. मग मी काय बोलणार?"

फाटकातून दोन मुली हसत बाहेर गेल्या. रोहिणीने त्यांना हात केला, आणि त्याच आवाजात, जणू बाजारहाट सांगावा तशी, म्हणाली, "आईला मात्र सांगू नको. तिकडं उसात ऐकून ती काय करील? म्हैस कुणाच्या दारात बांधील? आणि मला अजून दोन वर्षं सुट्टीला तुझ्याकडंच यायचंय."

ती चिडली असती तर मालनबाईला बरे वाटले असते. पोरीने सगळा हिशोब केला होता, आणि तो आजचा नव्हता. आपल्या घरात वाढताना ती हे रोज मनात मांडत आली होती, हे मालनबाईला त्या बाकावर कळले. बरणी तिथेच ठेवून ती परतली.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी झुंबर आली. रापलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून ओट्यावर बसली. मालनबाईने चहा दिला.

"बरणी द्या की वन्सं, आता लोणी साठवायला लागंल."

"रोहिणीकडं हाय."

"पुरलं का पोरीला?"

'पुरलं' एवढे म्हणायचे होते. रोहिणीनेच ती वाट करून दिली होती. मालनबाईने कपबशी खाली ठेवली आणि दोन्ही वर्षांचे सगळे सांगितले. शेंगदाण्याचे लाडू, जड पिशवी, मोजे, 'थोडं' हा शब्दसुद्धा. रोहिणीने सांगू नको म्हटले होते, हेही सांगितले.

झुंबर ऐकत राहिली. बशीतला चहा फुंकला, प्यायली, बशी पुन्हा भरली. मग तिने पदराने तोंड पुसले.

"ओमला तरी गोड लागलं का?" तिने विचारले. विचारण्यात टोमणा नव्हता. केलेले कुणाच्या तरी पोटात गेले का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

मालनबाईने म्हशीकडे पाहिले.

"न्हाई," ती म्हणाली.