गाडी बाबा चालवत नव्हते

माझे बाबा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते, आणि सगळ्या नोकरीत त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भावकीनं पुढं त्यांनाच माणूस मारणारा ठरवायचा घाट घातला.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. बाबांच्या चुलतभावानं नवी जीप घेतली. लायसनचा पत्ता नाही, पण मिजास केवढी! काका, बाबा आणि मी, तिघंच टेंभुर्णीला साखरपुड्याला गेल्तो. निघताना बाबा म्हणाले, "आण, मी घेतो गाडी." तर काका म्हणतो कसा, "दादा, रोजच चालवता की. आज साहेबासारखं बसा." बाबा हसून शेजारच्या सीटवर बसले आणि मी त्यांच्या मांडीवर. एका वळणावर जीपनं कडेनं चाललेल्या मजुराला उडवलं आणि बाभळीवर आदळली. मजूर गेला, बाबा गेले, माझा पाय मोडला. काकाला नुसतं खरचटलं.

तेराव्याची जेवणं उरकली तशी काका भावकीतल्या जाणत्यांना घेऊन आईपुढं येऊन बसला.

"वहिनी, गाडी दादा चालवत होते असं मी पोलिसात सांगितलंय. त्यांच्याकडं लायसन होतं, म्हणजे विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतील. त्या मजुराच्या बाईला मिळतील, तुम्हालाही मी मिळवून देतो. तुम्ही फक्त गप बसा. मेलेल्या माणसाला कुठं जेल होते?"

आजही हे वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. हाताशी तांब्या होता, तो त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

आईचा आवाज मात्र चढला नाही. "जेल न्हाई होत, भाऊजी. पण नाव तर त्यांचंच लागंल ना? जल्मभर जपून गाडी चालवली त्यांनी. त्या बाईचा नवरा माझ्या माणसानं मारला असं मी म्हणू? बिलकुल न्हाई." त्यानं आणलेलं दुखवट्याचं लुगडं तिनं त्याच्यापुढं सरकवलं.

झालं! भावकी पेटली. विहिरीवर बायका आईशी बोलेनात. आईनं भरपाईचा दावा लावला, तर आमचा वकीलसुद्धा म्हणाला, "बाई, बिगरलायसनचा माणूस चालवत होता म्हटलं की विमा कंपनी हात वर करील. मग त्याच्याकडून वसूल करताना चपला झिजतील तुमच्या."

"झिजू द्या," आई म्हणाली.

साक्षीदार मी एकटीच. जालन्याच्या कोर्टात माझी पाळी आली तेव्हा मी सहावीत होते. खरं-खोटं कळतं का, असं जजसाहेबांनी आधी विचारून घेतलं. मग काकाचा वकील उठला. आवाजात नुसती साखर.

"बाळ, तू तर झोपली होतीस. मग कोण चालवत होतं ते तुला आईनंच सांगितलं, हो ना?"

अस्सा राग आला मला! म्हटलं, "मी बाबांच्या मांडीवर झोपले होते. दोन्ही हातांनी धरलं होतं त्यांनी मला. मंग स्टेरिंग कशानं धरलं, दातांनी?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

विमा कंपनीनं हात वर केलेच. काकाला जमीन विकून दोन्ही घरांना भरपाई द्यावी लागली, आणि भावकीनं आमच्याकडं लग्नपत्रिका धाडणं बंद केलं. बरं झालं, आहेर वाचले. पण ते सगळं पुष्कळ नंतर. साक्ष झाली त्या दिवशी आम्ही बाहेर आलो, मागोमाग काकाही आला, तर कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या मजुराची बायको उभी होती. तिचाही दावा तिथंच चालू होता. माझी साक्ष तिनं मागं उभं राहून ऐकली होती.

"बाई," ती आईला म्हणाली, "दोन सालं झाली, रोज तुमच्या मालकाला शिव्याशाप देऊन राह्यले मी."

आई तिच्याकडं बघत म्हणाली, "मंग आता ते वापस घ्या."

तिनं तिथंच, काकाच्या देखत, वापस घेतले.