बाबांना दाखवायचं राहिलं

बाबा गेले तेव्हा दादा परदेशात होता आणि त्याला लगेच येणं शक्य नव्हतं. "मले शेवटचं पाहू दे वो बाई," एवढंच तो म्हणाला. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज नसे, म्हणून मी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत बाबांजवळ आणून मांडला. पण वायफाय सारखं तुटत होतं. दादाचा चेहरा यायचा, थिजायचा, नाहीसा व्हायचा. मी राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला. शेवटी लक्षात आलं, राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे होता आणि ते कपाटच सिग्नल अडवत होतं. तो काढून दारात स्टुलावर ठेवेपर्यंत बुद्धवंदना संपली होती आणि बाबांना घेऊन गाडी निघाली होती.

मग चित्र स्वच्छ आलं. रिकामी सतरंजी आणि तिच्या कडेला आई.

"आई, बाबा कुठी हायेत?"

"नेलं रे बापू त्याईले," आई म्हणाली.

तो रडायला लागला. आईने उठून पदराने कॉम्प्युटरची काच पुसली. कॉल कुणीच बंद केला नाही. माणसं परत आली तेव्हा आई तिथेच बसून होती आणि पलीकडे दादा.