आबांच्या पिंडाला कावळा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं — कोण बैलगाडीतून कुठं पडलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं — सगळं मीठमसाला लावून सांगतो. ही एक तेवढी गाळत आलो.

ऐंशीच्या दशकात मी जालन्याला बी.ए. करत होतो. विषय तत्त्वज्ञान. गावाकडं सगळ्यांना वाटायचं, पोरगं देवाधर्माचं मोठं काहीतरी शिकतंय. मीही ती समजूत मोडली नाही — मान मिळत असला तर कोण मोडतं? तर्कशास्त्रात मी वर्गात पहिला होतो. वर्गात आम्ही तिघंच होतो, ते मी सांगत नसे.

दुसऱ्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, गेले. त्याच महिन्यात वहिनीचा डी.एड.ला नंबर लागला होता. मास्तरीण व्हायचं तिचं लहानपणापासूनचं होतं. पण ती जालन्याला गेली, तर आईजवळ कोण? दादा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. म्हणजे कॉलेज सोडायचं ते मीच — हे मला बराबर दिसत होतं.

दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसून राहिला, शिवेना. ऊन चढलं. चुलते माझ्याकडं वळले.

"तत्त्वज्ञान शिकून राह्यला नं तू? मंग सांग, भाऊचं काय राह्यलं मनात?"

कावळा का येत नव्हता? आम्ही पन्नास माणसं पिंडाला खेटून उभी होतो म्हणून. दुसरं काय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानं मोडली असं होत नाही — हे मी त्याच महिन्यात परीक्षेत लिहून आलो होतो, उदाहरणासकट.

आणि मी खाली बघून म्हणालो, "आईचं कोण बघंल, ह्याचा घोर असंल आबांना."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? पन्नास माना वहिनीकडं वळल्या. ती पुढं आली, हात जोडले. "मामंजी, मी न्हाई जात शिकायला. आत्याबाईंना सोडून कुठंच न्हाई जात."

इथवर सांगून थांबलो असतो तर तरुणपणीची चूक म्हणून खपलं असतं. पण त्यानंतर मी म्हणालो — शांतपणे, विचार करून म्हणालो — "आता जरा सगळे मागं सरा."

माणसं सरली. कावळा आला.

मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो. वहिनीनं आईचं शेवटपर्यंत केलं. डी.एड.ला नंबर लागल्याचा कागद तिनं चुलीत घातला, की जपून ठेवला, मी कधी विचारलं नाही.

हा प्रसंग वहिनी स्वतः सांगते, नातवंडांना, अभिमानानं. "मामंजींनी माझा शब्द ऐकला. जल्दी शिवला कावळा." मग साक्षीसाठी माझ्याकडं बघते.

मागच्या दिवाळीतही बघितलं. मी मान डोलावली.